चौथी रेघ

बी. ए.ला गणित घेतले म्हटले, की लोक विचारतात, "आकडेमोड फार आवडते वाटते?" याचे उत्तर द्यायला मला आकडे नव्हे, चार रेघा लागतात.

एका बिंदूतून जाणाऱ्या तीन रेघा काढा. कागद रबराचा आहे असे समजून तो सगळीकडे सारखाच ताणला, कलता केला, फिरवला, तर या तीन रेघा त्याच बिंदूतून जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही तीन रेघांवर नेऊन बसवता येतात. म्हणजे प्रकार एकच. आता चौथी काढा. तिघी बसतात, चौथी बसेलच असे नाही! चौघींत एक संख्या दडलेली असते. कागद कसाही ताणा, ती बदलत नाही. प्रत्येक संख्येचा प्रकार निराळा, म्हणून प्रकार अनंत.

ठिपके आणि बाण यांच्या अशा आकृतीला पिएर गाब्रिएल या फ्रेंच गणितज्ञाने १९७२ साली जर्मन लेखात नाव दिले 'क्योखर', म्हणजे भाता. 'ग्राफ' या शब्दाला आधीच फार अर्थ चिकटलेले, म्हणून हा साधा शब्द. (आमच्या घरी मात्र भाता म्हटले की लोहाराचाच!) ठिपक्यावर सदिश अवकाश, बाणावर रेषीय रूपांतर ठेवले की झाले रिप्रेझेंटेशन. आपल्या उदाहरणात मधल्या ठिपक्यावर प्रतल, भोवती रेघा. बाणांमागून बाण जोडून वाटा होतात आणि वाटांचा गुणाकारही होतो: एक संपते तेथून दुसरी निघत असेल तर जोडवाट, नाहीतर शून्य. या बीजगणितावरची मोड्यूल म्हणजे हीच रिप्रेझेंटेशन.

आणखी न फुटणाऱ्या रिप्रेझेंटेशनची यादी कोणत्या अखंड भात्यांत संपते, हे गाब्रिएलने शोधले. ए, डी आणि ई-६, ई-७, ई-८ या आकृत्या, बस्स. बाणांची तोंडे कोणीकडेही असोत. तीन हातांच्या चांदणीत १२, ई-८मध्ये १२०. चार हात झाले की यादीला अंत नाही.

माझी तक्रार एवढीच, की आपल्याकडे हे उलट्या टोकाने येते. आधी सदिश अवकाशाच्या अटी पाठ, मग प्रमेय, मग परीक्षा. रेघ कोठेच नाही. व्याख्या नकोत असे मी म्हणत नाही, त्यांच्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पण ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, तो अटींतच अडकतो आणि गणित आपले नव्हे असे ठरवून मोकळा होतो. 'हे इंग्रजीतच कळते' असेही सांगतात. गाब्रिएलने ते जर्मनमध्ये लिहिले, आणि भाता तर आपल्याकडे रामायणापासून आहे.

पुढच्या वर्षी बीजगणिताच्या पहिल्या तासाला फळ्यावर चार रेघा निघाव्यात. खडू मी आणीन.