छत्तीस गुणांचा कॉम्प्युटर

दुकानोदुकानी तयार कपडे टांगलेले असताना शिंप्याकडे माप द्यायला जाणारी माणसे अजून शिल्लक आहेत. आपल्या खांद्यांची उतरण त्यांना ठाऊक असते आणि तयार सदऱ्याला ती ठाऊक नसते. कॉम्प्युटरच्या बाबतीतही असा एक वर्ग आहे. बंद खोक्यातले तयार यंत्र न आणता, एकेक भाग पारखून तो जुळवून घेणारा. यंदा आमच्या गोतावळ्यात अशी दोन माणसे निघाली : माझा भाचा आणि माझी भाची.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला खेळ हवेत. भाची संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला आकड्यांचे डोंगर उपसायचे आहेत. पैसे मात्र एकाच डब्यातले. स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने तीन वर्षे बँकेत दरमहा रक्कम साठवली होती. ती पिकली आणि मुलांची नजर तिच्यावर गेली. बहीण मला म्हणाली, "दादा, ओटा आणखी दोन वर्षं निघेल. पण पैसे नुसत्या मिरवण्यात जाता कामा नयेत. तू बघ." मराठीच्या प्राध्यापकाला यातले काय कळणार, असे वाचकांच्या मनात येईल. पण कोणते पद कोणाशी जुळते आणि कशाचा विग्रह कसा करावा, हाच तर आमचा धंदा!

पहिली गोष्ट जुळणीची. प्रोसेसर मदरबोर्डाच्या ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या सॉकेटात एएमडीचा प्रोसेसर बसत नाही. इतकेच काय, एएमडीच्याच 2022 सालच्या एएम5 सॉकेटात तिच्याच जुन्या एएम4चा प्रोसेसर बसत नाही. या बोर्डावर मेमरीही डीडीआर5 लागते. डीडीआर4ची पट्टी खाचेतच शिरत नाही. लग्नाच्या पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत तरी करता येते. इथे ती सोय नाही.

दुसरी गोष्ट कामाची. खेळाचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. 1920 गुणिले 1080च्या पडद्यावर 20,73,600 ठिपके असतात, आणि ही रांगोळी सेकंदाला 60 वेळा पुसून पुन्हा काढावी लागते. 'फोर-के' पडद्यावर ठिपके बरोबर चौपट, म्हणजे कष्टही त्याच मानाने वाढतात. हे काम ग्राफिक्स कार्डाचे. भाच्याचा ओढा फोर-केकडे होता. मी एवढेच विचारले, "चौपट रांगोळीचं कार्ड कोणाच्या ओट्यातून आणायचं?"

भाचीची गरज निराळी. मेमरी, म्हणजे रॅम, हा स्वयंपाकाचा ओटा आणि एसएसडी हे फडताळ. फडताळ कितीही मोठे असले तरी पोळ्या ओट्यावरच लाटायच्या. एक कोटी ओळी आणि 20 रकाने, प्रत्येक आकड्याला 8 बाइट, एवढा तक्ता धरला तर तो 1.6 जीबी होतो. पण हिशेब करताना त्याच्या प्रती निघत जातात. अशा कामाच्या 'पांडाज' या साधनाचे कर्ते वेस मॅकिनी यांनी 2017 साली आपला ठोकताळा सांगितला, की मेमरी मूळ माहितीच्या पाच ते दहा पट असावी. म्हणजे एवढ्या एका तक्त्यालाच 8 ते 16 जीबी! म्हणून तिला 32 जीबी हवी. ती एका पट्टीत न घेता 16च्या दोन घ्यावी. मेमरीला जाण्यायेण्याचे दोन रस्ते मिळतात. 2025च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, कारण कारखान्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे वळला. तरी ही काटकसरीची जागा नव्हे.

"मग माझ्या कार्डाचे पैसे तिच्या रॅममध्ये जाणार, मामा!" भाचा म्हणाला. भांडणाचे मूळ हेच होते. पण गंमत अशी की कार्ड हे दोघांचेही आहे. प्रोसेसर म्हणजे एक विद्वान प्राध्यापक. कार्ड म्हणजे एकाच वेळी पाढे म्हणणारी हजारो मुले. 2007 साली एनव्हिडियाने 'कूडा' आणले आणि या मुलांना रांगोळीखेरीज गणिताचेही काम देता येऊ लागले. 2012 साली टोरांटोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रे ओळखणारे 'अलेक्सनेट' शिकवले ते जीटीएक्स 580 या खेळाच्या दोन कार्डांवर. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्या प्रयोगाचा वाटा फार मोठा आहे. खेळणाऱ्या पोरांच्या हट्टाने विद्येचे भले झाले, असेही कधी घडते.

मात्र कार्ड घेताना नावावर जाऊ नये. 2025 साली आलेले आरटीएक्स 5060 टीआय 8 जीबीचे आहे आणि 16 जीबीचेही आहे. नाव एक, पोट दोन. भाचीच्या कामाला मोठ्या पोटाचेच हवे.

राहिला वीजपुरवठ्याचा डबा, पॉवर सप्लाय. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून हिंडलो तेव्हा दिव्यांची आरास असलेली काचेची कॅबिनेटे पुढे मांडलेली दिसली. हा डबा मात्र मागच्या फळीवर. कार्ड 180 वॅट खाते, शिवाय प्रोसेसर आणि बाकीचा परिवार. हिशेबापेक्षा क्षमता जास्त ठेवावी आणि डबा नामांकित घ्यावा, कारण तो बिघडला तर शेजाऱ्यांनाही घेऊन बुडू शकतो. '80 प्लस'चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. डब्याची बाकीची प्रकृती तो सांगत नाही.

अखेर निवाडा असा झाला : मधल्या प्रतीचा प्रोसेसर, 16 जीबीचे कार्ड, 32 जीबी मेमरी, साधे पण हवेशीर कॅबिनेट. फोर-के आणि दिवे भाच्याने सोडले. बहिणीने त्यात एक कलम आपले घातले : "ताईचा प्रबंध होईपर्यंत रात्री दहापर्यंत यंत्र तिचं. खेळ नंतर." भाच्याने सहीसुद्धा केली.

या दिवाळीत कोणाच्या घरी असा बेत असेल तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एका कागदावर लिहावे, की या यंत्रावर कोण, कोणते काम, किती वेळ करणार. पैसे त्या यादीच्या क्रमाने वाटावेत. आणि त्या यादीत घरातल्या मुलीचे काम सर्वांत शेवटी लिहिले गेले नाही ना, तेवढे एकदा पाहून घ्यावे.