बांधातल्या बिळांची मोजदाद कोण करणार?

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडल्याचे मेट्रो प्रशासनानेच सांगितले. झाडांची चर्चा झाली, बिबट्यांची झाली, आदिवासी पाड्यांचीही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र पायाखालच्या मातीत राहणाऱ्या एका रहिवाशाची आठवण फार थोड्यांना झाली. झीशान मिर्झा आणि राजेश सानप या संशोधकांनी २०१४ मध्ये नोंदवलेला ‘हेटरोफ्रिक्टस आरेएन्सिस’ हा जमिनीवर राहणारा टॅरँट्युला कोळी.

सह्याद्रीत अशा कोळ्यांची मोठी बिरादरी आहे. लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या पोकॉक यांनी १८९९ आणि १९०० या दोन वर्षांत त्यांतल्या कित्येक जातींची वर्णने लिहून ठेवली. त्यांतली एक माथेरानची, तर ‘थ्रिग्मोपियस’ या नावाने नोंदवलेले धिप्पाड कोळी कारवारपासून आंबोलीपर्यंतच्या पट्ट्यातले. त्यानंतर अनेक दशके या प्राण्यांकडे जवळजवळ कुणी वळले नाही. मंजू सिलीवाल, संजय मोलूर, मिर्झा, सानप अशा मोजक्या अभ्यासकांनी गेल्या वीसेक वर्षांत हे काम पुन्हा हाती घेतले, म्हणून आज निदान नावे तरी माहीत आहेत.

नावापलीकडची माहिती विलक्षण आहे. जमिनीवरचा हा टॅरँट्युला झाडाझुडपांत जाळे विणून बसत नाही. मादी विषदंतांनी माती उकरते, बिळाला रेशमाचे अस्तर लावते आणि तोंडाशीही धागे पसरते. डोळे आठ असले तरी नजर अधू. तिचे जग कंपनांचे असते. धाग्यावर रातकिड्याचा पाय पडला की अंगावरच्या आणि पायांवरच्या केसांना ते कळते, आणि क्षणात शिकार आत खेचली जाते. ‘किलोब्रॅकिस’ प्रजातीतले कोळी डिवचले गेले की तोंडाजवळचे राठ केस एकमेकांवर घासून फिस्कारल्यासारखा आवाज काढतात. अमेरिका खंडातले बरेच टॅरँट्युला पोटावरचे खाजरे केस शत्रूवर उडवतात. आपल्याकडच्या कोळ्यांपाशी ते हत्यार नाही, त्यामुळे पुढचे पाय उंचावून दात दाखवणे किंवा सरळ बिळात पळणे, एवढेच त्यांच्या हाती उरते.

नर वयात आला की बीळ सोडतो आणि मादीच्या शोधात भटकतो. पावसाळ्यात घरात, अंगणात शिरलेला मोठा केसाळ कोळी बहुधा असा वाट चुकलेला नर असतो आणि त्याचे थोडेच दिवस उरलेले असतात. मादी मात्र अनेक वर्षे जगते, आणि जागा पसंत पडली की सहसा तिथून हलत नाही. पिल्ले काही काळ आईच्याच बिळात राहतात, मग पायी चालत जेमतेम जवळपास पांगतात. इतर अनेक कोळ्यांची पिल्ले धाग्यावर तरंगत दूरवर जातात, ही सहसा तशी जात नाहीत. म्हणून एखाद्या मातीच्या बांधात बिळांची दाटी आढळते, आणि शेजारचा बांध रिकामा असतो.

धोका नेमका इथेच आहे. घाटातला रस्ता रुंद करताना जेसीबीने कडेचा बांध खरवडला की एका दुपारी अख्खी वस्ती संपते. ती पुन्हा वसवायला बाहेरून कुणी येण्याची शक्यता कमीच. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपे लावता येतात, निदान तसे कागदावर दाखवता येते. खरवडलेल्या बांधाचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो.

भीती हा दुसरा शत्रू. २०१२ मध्ये आसामच्या सदियात कोळ्यांनी ‘हल्ला’ केल्याच्या बातम्या देशभर गाजल्या आणि दोन मृत्यू त्यांच्या माथी मारले गेले. ते मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले, हे कधीच सिद्ध झाले नाही. टॅरँट्युलाचा दंश दुखतो, सूज येते, काही जातींच्या दंशाने स्नायूंत गोळेही येतात, तेव्हा डॉक्टरांकडे जावेच. पण जगभरात या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. तरीही कोळी दिसला की चप्पल उचलली जाते.

व्यापार हा तिसरा शत्रू. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराने २०१९ मध्ये ‘पोसिलोथेरिया’ या झाडांवर राहणाऱ्या देखण्या टॅरँट्युलांना यादीत घेतले, हे चांगलेच झाले. भारतातल्या बिळात राहणाऱ्या टॅरँट्युलांना त्या यादीत जागा मिळालेली नाही. आणि व्यापार थांबवला तरी बांध वाचत नाही.

तो वाचवण्यासाठी अवघड असे काहीच करावे लागत नाही. घाटरस्त्याचे किंवा जंगलालगतचे काम मंजूर करताना बांधांची रात्री पाहणी सक्तीची करावी. मादी अंधार पडला की बिळाच्या तोंडाशी येते, त्यामुळे जाणकाराला विजेरीच्या उजेडात वस्ती सापडते. आंबोलीसारख्या ठिकाणी असे जाणकार गावातच आहेत, वनविभागाने आणि बांधकाम खात्याने त्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे. जिथे दाट वस्ती आढळेल, तिथे रुंदीकरण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घ्यावे. पर्यावरणीय अहवालात झाडांच्या तक्त्याखाली बिळांचा आणखी एक तक्ता जोडावा, आणि तो पावसाळ्यानंतर भरलेला असावा.