तीन महिन्यांची सिस्टर

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत विमानतळ झाल्यापासून भाडेकरूंची ये-जा थांबलेली नाही. आमच्या मजल्यावर सध्या मिरजेची एक सिस्टर राहते. काम अतिदक्षता विभागात, करार तीन महिन्यांचा. याआधी ती पुण्यात होती. पुढचं गाव अजून ठरलेलं नाही. रात्रपाळी करून आली की कधीकधी आमच्याकडे चहाला थांबते.

‘‘काकू, व्हेंटिलेटर सगळीकडे सारखाच असतो,’’ ती सांगते. ‘‘पण क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीच्या, कोणत्या खणात काय आहे आणि रात्री कोणत्या डॉक्टरांना उठवायचं, हे पहिल्या पाळीआधी कळायला हवं.’’

ही गोष्ट लहान नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे दर पाळीला एक परिचारिका असावी, असा संकेत आहे. तिथे बाहेरून आलेल्या सिस्टरला एका हँडओव्हरवर एकटीला उभं करणं हा रुग्णावरही अन्याय आहे.

अशा फिरत्या हातांची किंमत आपल्याला संकटातच कळते. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्राने मुंबईसाठी केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. त्याच महिन्यात कोलकात्यातल्या खासगी रुग्णालयांमधल्या मणिपुरी परिचारिका मोठ्या संख्येने नोकरी सोडून घरी परतल्या. परराज्यातल्या मनुष्यबळावर आपली किती भिस्त आहे, हे तेव्हा दिसलं. साथ ओसरली आणि तो विषय मागे पडला.

परिचारिकेची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. राज्य बदललं की ना-हरकत दाखला, पडताळणी आणि नवी नोंदणी आली. तीन महिन्यांच्या कामासाठी हा खटाटोप जड जातो. इंडियन नर्सिंग कौन्सिलने प्रत्येकीला राष्ट्रीय ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था केली आहे. त्याच क्रमांकावर, पडताळणीत ढिलाई न करता, दुसऱ्या राज्यात मुदतीची परवानगी काही दिवसांत मिळायला हवी.

याच कौन्सिलने अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात बहुतेक शिक्षण रुग्णाच्या खाटेशी होतं. ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार उपचारांचे निर्णय घेण्याची तयारी करून घेतली जाते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही नर्स प्रॅक्टिशनरचं वेगळं केडर हवं, असं म्हटलं. शिकून बाहेर पडणाऱ्यांना त्या शिक्षणाला साजेसं पद आणि अधिकार मिळाले, तर जिल्ह्याच्या ठिकाणी अपुरे पडणारे अतिदक्षता विभाग गरजेच्या काळात त्यांना बोलावू शकतील.

करार तीन महिन्यांचा असायला माझी हरकत नाही. अनेक तरुण मुलींना त्यातून अनुभव मिळतो, घरी पैसे पाठवता येतात. पण जोडीने केलेल्या पहिल्या काही पाळ्या, सुरक्षित निवास, रात्रीची वाहतूक आणि विमा हे सगळं त्या करारात लेखी असलंच पाहिजे. तिच्या हाती सोपवलेला जीव काही कंत्राटी नसतो.