शस्त्रांचा करार आणि पुरुलियाची रात्र

दर काही वर्षांनी विश्वशांतीचा एखादा नवा करार अवतरतो आणि आपल्याकडील काही विचारवंत ‘भारताने स्वाक्षरी का केली नाही?’ असा जाब आपल्याच सरकारला विचारू लागतात. शस्त्रास्त्र व्यापार करार हा त्यांपैकीच एक. २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने तो १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. विरोधी मते इराण, उत्तर कोरिया आणि सीरियाची. भारत तटस्थ राहिला. तेव्हा दिल्लीत डॉ. मनमोहन सिंग यांचे सरकार होते; पुढे आलेल्या मोदी सरकारनेही ती भूमिका बदलली नाही. पक्षभेदापलीकडे टिकणारे असे निर्णय आपल्या परराष्ट्र धोरणात थोडेच आहेत.

भारताच्या प्रतिनिधी सुजाता मेहता यांनी मांडलेले आक्षेप दोन होते. दहशतवादी आणि शासनबाह्य टोळ्यांच्या हाती शस्त्रे पडण्याविषयी हा मसुदा दुबळा आहे, हा पहिला. शस्त्रे विकणारा देश आपल्या मर्जीने पुरवठा तोडू शकेल आणि घेणाऱ्याला दाद मागता येणार नाही, हा दुसरा. आयातदार देशांना हा दुसरा आक्षेप कळायला अभ्यास लागत नाही. १९६५च्या युद्धात अमेरिकेने आक्रमक आणि आक्रमित यांना एकाच मापाने मोजून दोघांचाही शस्त्रपुरवठा रोखला. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे सुट्या भागांवाचून खोळंबली. उद्या हीच अडवणूक एका आंतरराष्ट्रीय कलमाच्या आधारे, नैतिकतेचा मुलामा देऊन करता येईल.

पहिल्या आक्षेपासाठी मात्र पुरुलियाची आठवण करावी लागते. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री पश्चिम बंगालमधील या जिल्ह्यात एका अँटोनोव्ह विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो काडतुसे खाली टाकण्यात आली. शस्त्रे बल्गेरियात विकत घेतलेली. कागदोपत्री ग्राहक होता बांगलादेश! ते प्रमाणपत्र बनावट होते. काही दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरविण्यात आले. वैमानिक आणि ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच सापडले. सूत्रधार किम डेव्ही, खरे नाव नील्स होल्क, विमानतळावरून निसटला. तो डेन्मार्कचा नागरिक. भारताने त्याचे प्रत्यार्पण मागितले. २०११मध्ये डॅनिश न्यायालयाने ते नाकारले आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये तेथील न्यायालयाने पुन्हा नकार दिला. कारण, भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे! शस्त्रास्त्र व्यापार करारावर मानाने स्वाक्षरी करणाऱ्यांत डेन्मार्कही आहे आणि बल्गेरियाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव पुरुलियाच्याही आधीचा आहे. १९९३च्या प्रारंभी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे उतरलेली शस्त्रे व आरडीएक्स कोणत्याही देशाच्या निर्यात-नोंदवहीत नव्हते. ती पाठविणाऱ्या यंत्रणेचा देश पाकिस्तान. त्याने २०१३ साली महासभेत या कराराच्या बाजूने मत दिले आणि नंतर स्वाक्षरी मात्र केली नाही. चीन २०२० साली करारात सामील झाला. तरीही पाकिस्तानच्या शस्त्रआयातीतील सिंहाचा वाटा चीनचाच आहे. मे २०२५मध्ये पंजाबात सापडलेले पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष चिनी बनावटीचे होते.

अमेरिकेत या कराराला झालेला विरोध निराळ्या जातीचा आहे. तेथील नॅशनल रायफल असोसिएशनच्या मते हा करार म्हणजे नागरिकांच्या बंदुका हिरावण्याचा डाव. ओबामांच्या काळात, सप्टेंबर २०१३मध्ये, केरी यांनी केलेली स्वाक्षरी ट्रम्प यांनी एप्रिल २०१९मध्ये याच संघटनेच्या मेळाव्यात मागे घेण्याची घोषणा केली. वास्तविक करार देशांमधील व्यापाराचा आहे आणि कायदेशीर खाजगी मालकी त्याची प्रस्तावनाच मान्य करते. म्हणून त्या गदारोळाचे अनुकरण आपण करण्याचे कारण नाही. बाजारातून भाजी आणावी तशी बंदूक आणणारा समाज आपला आदर्श नव्हे.

पण निःशस्त्र प्रजा म्हणजे काय, हे आपल्याला इंग्रजांनी शिकविले आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाच्या हातून शस्त्र काढले आणि युरोपियनांना मोकळीक दिली. गांधीजींनीही त्यावर कठोर टीका केली होती. १९३१च्या कराची काँग्रेसने नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला. घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तो घटनेत आणण्यासाठी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. नवस्वतंत्र, फाळणीत होरपळलेल्या देशात बाबासाहेबांची सावधगिरी योग्यच होती. १९५९चा शस्त्र कायदा त्याच मार्गाने गेला आणि २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली.

यावर उत्तर दोडा, राजौरीच्या डोंगरांत मिळते. १९९५ पासून तेथे ग्रामसंरक्षण समित्यांना सरकारने .३०३ रायफली दिल्या. जेथे पोलीस चौकी दूर आहे तेथे गाव स्वतः पहाऱ्याला बसले. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीतील ढांगरी गावात दहशतवाद्यांनी हिंदू घरांवर गोळीबार केला, तेव्हा एका ग्रामस्थाने आपल्या जुन्या रायफलीतून गोळ्या झाडल्या आणि मारेकरी पळाले. त्यानंतर ग्रामरक्षकांना अधिक चांगल्या स्वयंभरण रायफली देण्यात आल्या. ही शस्त्रे राज्याची, प्रशिक्षण सुरक्षा दलांचे, हिशेब पोलिसांकडे. न्यूयॉर्कमध्ये शस्त्रनियंत्रणाचा मसुदा लिहिणाऱ्यांच्या कल्पनेत या गावांना जागा नव्हती. आपल्या गृहखात्याच्या कल्पनेत ती असलीच पाहिजे, आणि सीमेवरील जिल्ह्यांपुरती नव्हे, तर नक्षलग्रस्त गडचिरोलीतील दुर्गम पाड्यांचाही विचार याच निकषाने झाला पाहिजे.