धार निळी पडली तेव्हा

व्हायवात ‘चांगलं स्टील कोणतं?’ विचारलं की आपण रॉकवेलचा आकडा फेकतो. मीही फेकायचो. मग ट्रकच्या पाट्याच्या तुकड्याचा छोटा कोयता केला, पाणी पाजलं आणि टेंपरिंग न करताच नारळावर चालवला. पहिल्याच घावाला टवका उडाला! कडकपणा होता, चिवटपणा नव्हता.

दुसरा २०० अंश सेल्सिअसला टेंपर केला; पण बेल्ट ग्राइंडरवर घाईघाईत दाबून धरला. धार निळी पडली. तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं, धार मऊ झाली. गावचा लोहार रंग बघूनच हे ओळखतो. आपण तक्ता पाठ करतो.

माझं स्पष्ट मत : चार्पी टेस्टचं जर्नल कॉपी करण्यापेक्षा प्रत्येकाने एक पातं स्वतः बनवून मोडावं. आणि हो, ग्राइंडरशेजारी पाण्याची बादली ठेवा!