शिकवणी सरली, कसब टिकले काय?

कारखान्याच्या हिशेबात यंत्रांच्या घसाऱ्याची तरतूद असते. माणसाला शिकविलेल्या कौशल्याचा घसारा मात्र सहसा कोणी मांडत नाही. स्वमग्न मुलांच्या वर्तनाधिष्ठित अध्यापनात ही उणीव विशेष जाणवते. कृतीचे लहान टप्पे पाडावयाचे, प्रत्येक टप्प्यास शाबासकी वा खाऊ द्यावयाचा आणि दहापैकी नऊ वेळा बिनचूक जमले की ‘साध्य’ असा शेरा मारून पुढील धड्याकडे वळावयाचे, अशी ही रीत. शेऱ्यानंतर त्या कौशल्याचे काय होते?

याचे उत्तर १९७३ सालीच मिळाले होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील इव्हार लोवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपल्यावर एक ते चार वर्षांनी मुलांची पुन्हा पाहणी केली. ज्यांच्या आईवडिलांना ही पद्धत शिकविली होती, ती मुले पुढेच गेली होती. संस्थांत धाडलेली मुले मात्र मागे पडली होती. त्यांना काही काळ पुन्हा शिकविताच गमावलेले काही अंशी परत आले, पण तेही तात्पुरतेच. लोवास यांनी शिक्षेचा व विजेच्या झटक्यांचा केलेला वापर निषेधार्हच होता. तथापि आपल्या यशाची अशी उलटतपासणी प्रसिद्ध करणे, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे. पुढे १९७७ मध्ये स्टोक्स व बेअर या अभ्यासकांनी ‘शिकवा आणि आशा बाळगा’ या प्रचलित वृत्तीवर बोट ठेवले.

केंद्रातील टेबलावर नाणी मोजणारा मुलगा वाण्याच्या दुकानी, गर्दीत, खाऊचे आमिष नसताना सुटे पैसे देऊ शकतो काय, हे महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पाहिले पाहिजे. तेही शिक्षकाने खूण न करता. घसरण दिसल्यास चार दिवसांची उजळणी बहुधा पुरते. मग हे होत का नाही? कारण उघड आर्थिक आहे. शुल्क तासांवर आकारले जाते, टिकाऊपणावर नव्हे. विसरण्याचा तोटा कुटुंब सोसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा सरकारी अनुदान देताना तरी अखेरचा हप्ता सहा महिन्यांनंतरच्या तपासणीशी जोडावयास हरकत नसावी.

सामान्य मुलेही विसरतातच, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु वापरात नसलेले विसरले जाते, म्हणूनच ही तपासणी शिक्षकाचीही परीक्षा ठरते: रंगीत मणी वेगळे करण्याचे जे कसब घरी कधी लागलेच नाही, ते शिकविण्यात वर्ष का घालविले, हे त्याला सांगावे लागेल.