मेपल सिरप घ्यावे का?

मोबाईलवर हल्ली मेपल सिरप 'आरोग्यदायी' म्हणून विकले जाते. हा कॅनडा-अमेरिकेतल्या मेपल झाडाचा आटवलेला रस. सुमारे ४० लिटर रसाचे १ लिटर सिरप होते, म्हणून ते मुळातच महाग. पण त्यातही जवळजवळ दोन तृतीयांश साखरच! घरात मधुमेहाचे माणूस असेल तर 'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नका. गुळाचेही तेच. घ्यायचेच असेल तर बाटलीमागचे घटक वाचा. 'मेपल फ्लेवर' लिहिलेला तो बहुधा मक्याचा वास घातलेला पाक असतो. आम्ही तर म्हणू, हे पैसे डाळ, अंडी, शेंगदाण्यांना लावा. पोरांच्या अंगी तेच लागते. आणि चहातली साखर आजपासून अर्धा चमचा कमी करा.